उघडा कान

चौदाव्या प्रश्नाशी बेन्नूर सर थांबले. चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले, "हा फक्त लेडीजसाठी. जेंट्स, 'लागू नाही'वर टिक करा आणि गप बसा."

मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या डोक्यावरच्या खोलीत हा प्रौढांचा उच्चारवर्ग भरायचा. सतरा जण होते. बहुतेक नर्सेस, एक फार्मासिस्ट, सांगलीहून मोटरसायकलवर येणारे दोघे चुलतभाऊ आणि बँकेतून निवृत्त झालेले मुतालिक काका. इंग्रजी सगळ्यांना येत होतं, पण पलीकडच्या माणसाला ते एका दमात कळेल याची खात्री कुणालाच नव्हती. अर्ज भरायची सरांची पद्धत ठरलेली होती. प्रश्न तेच वाचणार, उत्तरही तेच सांगणार आणि सतरा पेनं एकदम टिक करणार. स्वतःचं डोकं चालवलं की अर्ज परत येतो, असा त्यांचा अनुभव.

"'आपले मूल अन्न घेऊ लागले आहे काय?'" सरांनी वाचलं. "चौगुले सिस्टर, तुमचंच लहान आहे ना? उष्टावण झालं?"

"झालं सर. मागच्या महिन्यात."

"मामानं खीर भरवली?"

"भरवली."

"मग विषय संपला की! मारा 'हो'."

वर्ग हसला. सानिका चौगुलेचं पेन मात्र कागदावर टेकून राहिलं. चार वर्षं नर्सिंग शिकलेल्या बाईला प्रश्नाचा रोख कळत होता. जिथं हा अर्ज तयार झाला तिथं मूल जेवायला लागलं म्हणजे अंगावरचं सुटलं, असं धरून चालत असणार, आणि भाषांतर करणाऱ्यानं तो प्रश्न तसाच उचलला होता. उष्टावणाचं म्हणाल, तर रेवानं चांदीच्या वाटीतली ती खीर क्षणभर जिभेवर धरली आणि मामाच्याच नव्या शर्टावर फुर्रकन उडवली होती. सात महिन्यांची पोर. दिवसातून आठ वेळा अंगावर पीत होती.

"सिस्टर, शाई संपली काय?"

तिनं 'हो'वर टिक केली.

*

रजा संपायला चौदा आठवडे उरले होते. त्यानंतर पुन्हा वॉर्ड, पुन्हा तीन पाळ्या. सानिकाचा स्वभाव मुळातच काळजीचा, त्यात पहिलटकरीण. रेवा झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, मग पाच मिनिटांनी पुन्हा बघायची. घास अडकला तर? दुपटं तोंडावर आलं तर? ताप चढला आणि आपण वॉर्डात असलो तर? नवरा प्रथमेश सोलर पंपांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव हिंडायचा. घरात सासूबाई होत्या, पण सानिकाचा जीव कुणावर सोपवायला तयार नव्हता. अगदी प्रथमेशवरही नव्हता.

घरी बसून करायचं एकच काम होतं. परदेशात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात एक बटण असतं. पडलं, छातीत कळ आली, घाबरायला झालं की दाबायचं. लगेच नर्स बोलते. ती नर्स पृथ्वीच्या पाठीवर कुठंही बसलेली चालते आणि त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस. हे काम यंत्र सहज करू शकलं असतं. पण मधल्या काळात नातवाचा, मुलीचा हुबेहूब आवाज काढून म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्यांनी असा धुमाकूळ घातला, की त्या देशांनी कायदाच केला: संकटातल्या माणसाशी बोलणारा आवाज जिवंत माणसाचा हवा आणि यंत्रानं तसूभरही न बदललेला हवा. एका रात्रीत माणसाच्या गळ्याला भाव आला. अट एकच होती. घाबरलेल्या, कानानं मंद झालेल्या म्हातारीला प्रत्येक शब्द पहिल्या फटक्यात कळला पाहिजे.

त्यासाठी कानगोळी. वर्गात भरला तो अर्ज तिचाच.

बेन्नूर सर ती समजावून सांगायचे ते बरं सांगायचे. तान्ह्या मुलाला जगातल्या यच्चयावत भाषांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. जपानी म्हणा, अरबी म्हणा, सगळे. वर्षाच्या आसपास मेंदू ठरवतो, की आपल्या घरात एवढेच आवाज कामाचे. मग तो त्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणायला घेतो. जाळी घट्ट झाली की बाकीचे फरक कानाला कळेनासे होतात. मोठेपणी परकी भाषा बोलताना आपण उगाच जिभेला दोष देतो; मुळात कानालाच तो फरक लागत नसतो. गोळी ही जाळी बारा आठवडे सैल करते. तेवढ्या काळात रोज तीन तास शेकडो वेगवेगळ्या तोंडचे तेच ते आवाज ऐकायचे, टाळूला एक पातळ पट्टी लावून जीभ कुठं टेकते ते पडद्यावर बघत बोलायचं. "बारा आठवडे तुम्ही पाळण्यात आहात असं समजा," सर म्हणायचे. "फक्त भोकाड पसरू नका."

गोळी सकाळी नऊला घ्यायची होती. डब्यातल्या कागदावर लिहिलं होतं, की बारा तासांत ती रक्तातून निघून जाते. सानिकानं आपलं वेळापत्रक आखलं. रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊच्या आधी अंगावर पाजायचं, दिवसा डब्याचं दूध द्यायचं. दुपारी भरून आलेली छाती ती न्हाणीघरात पिळून टाकायची आणि वर दोन तांबे पाणी ओतायची. सासूबाईंना सांगितलं, क्लासमुळे जमत नाही. बारा आठवड्यांत पाच वेळा नेम मोडला, रेवाला दात येताना ताप होता तेव्हा. त्या पाचही वेळा तिनं तारखेनिशी वहीत लिहून ठेवल्या.

अकराव्या दिवशी तिला ऐकू आलं. इंग्रजीत आपल्या 'व'च्या अल्याडपल्याड दोन आवाज आहेत. एकाला वरचे दात ओठावर टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, पण कानाला दोन्ही जन्मभर एकच. त्या दिवशी हेडफोनमधली बाई बोलली आणि ते दोन आवाज सुटे झाले, डाळीतून खडा हाताला लागावा तसे.

"अगोबाई!" सानिका मोठ्यानं म्हणाली.

शेजारी मुतालिक काका डोळे पुसत होते. "अहो, म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी काउंटरवर काय बोलत होतो?" ते म्हणाले, आणि दोघंही शाळकरी पोरांसारखी हसत सुटली.

परीक्षेत तिला शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले. वर्गात पहिली.

*

काम सुरू झालं. आतल्या खोलीत टेबल, माइक आणि सकाळी साडेआठ ते साडेचार. दार उघडं ठेवलं की समोरच्या सोप्यात सासूबाईंपाशी खेळणारी रेवा दिसायची. सानिकाला दुसरं काही नको होतं.

सासूबाई, सुरेखाबाई, सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. मिरज-अथणी, मिरज-जत. आवाज असा, की शेवटच्या सीटवरचा पेंगणारा माणूस सरळ होऊन बसायचा. त्यांना लेकसुनेसकट सगळे आईच म्हणत.

"काय गं, तू बोलायला लागलीस की मला वाटतं टीव्ही लावलाय," एकदा त्या म्हणाल्या.

"मी मराठीच बोलले ना आई."

"मराठीच की. पण टीव्हीतलं."

बाजारात भाजीवाली तिला हिंदीतून भाव सांगू लागली. भावानं फोनवर चेष्टा केली, "ताई, कधी गेलीस गं परदेशात?" सानिका हसली. पण रात्री आरशासमोर उभी राहून तिनं हळूच 'ठसका', 'टाळी', 'तळहात' असे शब्द म्हणून पाहिले. जीभ दर वेळी थोडी वेगळीकडं टेकत होती. जाळी पुन्हा विणली गेली होती, मात्र दोन भाषांच्या मधल्या कुठल्यातरी जागी.

घर मात्र रेवावर खूश होतं. अकरा महिन्यांची ही पोर कुकरच्या शिट्टीची नक्कल करायची, मिक्सरची करायची, गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या फुलवालीचा सूर उचलायची, मशिदीतली बांग संपली की तिची शेवटची ओढ धरायची. प्रथमेश व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचा. "सात भाषा बोलणार बघा!"

सानिकानं वहीत एक नवं पान घातलं. वर लिहिलं, 'नावाला वळून बघते का'. खाली रोजची तारीख. पहिल्या महिन्यात तीस फुल्या झाल्या. हाक मारली की रेवा वळायची, नाही असं नाही. पण भांडं पडलं तरी तशीच वळायची, कुत्रं भुंकलं तरी तशीच. चेहरा दिसला की खुदकन हसायची, हात पसरायची, आईच्या मानेत नाक खुपसायची. शब्द मात्र नव्हता. बाबा नाही, दूदू नाही, भुर्र नाही.

"पोरी लवकर बोलतात असं काही न्हाई," सुरेखाबाई म्हणाल्या. "प्रथमेश दोन वर्षांचा होईतो मुका होता. आता बघ, गप बसतोय का."

चौदा महिन्यांची झाली तशी सानिका तिला घेऊन सांगलीला डॉ. उगारेंकडे गेली. लहान मुलांचं ऐकणं-बोलणं हाच त्यांचा विषय. प्रथमेश आणि सुरेखाबाईही बरोबर होत्या.

*

भिंतींना गाद्या लावलेली खोली होती. रेवा प्रथमेशच्या मांडीवर. उजवीकडं एक स्पीकर आणि त्याच्यावर काचेच्या पेटीत डफलीवालं माकड. स्पीकरमधून एकच आवाज पुन्हा पुन्हा येत राहायचा. तो बदलला की माकडावर दिवा लागायचा आणि डफली वाजायची. मुलाला हे दहा मिनिटांत कळतं. मग आवाज बदलल्याचं जाणवताच ते दिव्याच्या आधीच वळून बघतं.

"या वयाचं मूल घरातल्या भाषेच्या फरकांना वळतं," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांना वळायचं सोडून दिलेलं असतं."

रेवा मराठीला वळली. कन्नडला वळली. मग डॉक्टरांनी अशा भाषांचे आवाज लावले, ज्या या मुलखात कधी कुणी बोललं नसेल. रेवा प्रत्येकाला वळली. प्रथमेशनं अभिमानानं मागं पाहिलं. सानिकानं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

शेवटी त्यांनी एकाच बाईनं तीन वेळा म्हटलेला एकच शब्द लावला. 'पाणी.' 'पाणी.' 'पाणी.' रेवा तिन्ही वेळा वळली.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. सानिकाकडे वळून विचारलं, "कानगोळी घेतलीत ना तुम्ही? तेव्हा अंगावर पाजत होतात?"

सासू आणि नवरा दोघंही तिच्याकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "पण वेळ पाळून. बारा तासांनी. फक्त पाच वेळा—"

"त्या पाच वेळांनी काही झालं नाही. रक्तातून ती बारा तासांत जाते हे खरं आहे. पण ती स्निग्धात मुरते. तुमच्या दुधाच्या सायीत ती दिवसरात्र मुक्कामाला होती. अंगावर पाजणाऱ्या बाईनं घ्यायचीच नाही, असं धरल्यामुळे दूध कुणी तपासलंच नव्हतं. अर्जात विचारतात ना?"

"विचारतात. मी 'हो' लिहिलं. उष्टावण झालं होतं म्हणून."

रेवा माकडाकडे बोट दाखवून मिक्सरचा आवाज काढत होती.

डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं. शब्द मनात बसायचा तर कानानं थोडं दुर्लक्ष करायला शिकावं लागतं. सकाळी आजी 'पाणी' म्हणते, दुपारी बाबा म्हणतो, कुणाला सर्दी झालेली असते, कुणी ओरडून बोलतं. हे सगळे आवाज खरं तर वेगळे असतात. आपला कान त्यांतले फरक सोडून देतो म्हणून 'पाणी' हा एक शब्द होतो. रेवाच्या कानाची जाळी विणायची वेळ आली नेमकी तेव्हा दुधातून गोळी जात होती. तिला सगळंच ऐकू येतं आणि ती काहीच सोडत नाही.

"तिनं आजवर एकही शब्द दुसऱ्यांदा ऐकलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दर वेळी नवाच."

*

परतीच्या वाटेवर प्रथमेश गाडी चालवत होता आणि मागं दोघींच्या मध्ये रेवा झोपली होती. सांगली मागं पडेपर्यंत सुरेखाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मला एक शब्द बोलली असतीस तर मी वाटीचमच्यानं पाजली असती की पोरीला," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं चालत्या गाडीत उभी राहिलीय मी. एक पोर धरायला जड होतं का मला?"

"तुम्ही म्हणाला असतात, गोळी घेऊ नकोस."

"म्हणलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

सुरेखाबाईंनी झोपलेल्या नातीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या. त्या पुढं काही बोलल्या असत्या तर सानिकाला सोपं गेलं असतं.

*

आठवड्यानं डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. घरातल्या तिघांना एकेक शब्द वीस-वीस वेळा बोलायला लावला आणि पडद्यावर त्याच्या रेघा काढल्या. सुरेखाबाईंच्या वीस रेघा एकावर एक ठेवल्या तर एकच रेघ दिसत होती.

"सत्तावीस वर्षं एकच वाक्य म्हणलंय, डॉक्टर. 'पुढं सरका.' इकडंतिकडं व्हायला वाव कुठाय?"

प्रथमेशच्याही रेघा बऱ्या होत्या. सानिकाच्या मराठी शब्दांच्या रेघा मात्र केसांचा गुंता व्हावा तशा विखुरल्या होत्या. मग तिला इंग्रजी शब्द म्हणायला लावले. त्या वीस रेघा सासूबाईंपेक्षाही नेटक्या निघाल्या.

जाळी मुद्दाम घट्ट करणारं एक औषध होतं. सहा आठवड्यांचं. आजवर तेवीस मुलांना दिलं होतं, आणि एकोणीस मुलं बोलू लागली होती. निरोगी मुलाला घरात दोन काय, चार भाषा असल्या तरी चालतात. पण औषधानं बांधायची जाळी एकाच भाषेभोवती आणि स्थिर आवाजांभोवतीच धरते, असं या मुलांत दिसलं होतं. सहा आठवडे तिच्या कानावर दुसरं काही पडता कामा नये.

"दोन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एक, मराठी. आजी आणि बाबा बोलतील. सानिका, तुम्ही तिच्यासमोर एक अक्षर बोलायचं नाही. दुसरी, इंग्रजी. मग फक्त तुम्ही बोलायचं आणि हे दोघं गप्प."

"आणि सहा आठवड्यांनंतर?" सानिकानं विचारलं.

"नंतर सगळ्यांनी बोलावं. पण जो आवाज जाळीच्या बाहेर राहील तो तिला बाहेरचाच वाटेल. काही महिने असेल, कदाचित कायमचं. मला खोटं सांगता येणार नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"काही मुलांची जाळी आपोआप विणली जाते. पुष्कळांची नाही. दोन वर्षांनंतर आमच्याही हातात काही राहत नाही."

घरी आल्यावर प्रथमेश म्हणाला, "इंग्लिशच ठेवू. लोक त्यासाठी लाखांनी फिया भरतात. तूही तिच्याशी बोलत राहशील. मी गप्प बसतो."

"मी गप बसायचं म्हणजे तोंडाला कुलूप लावावं लागंल," सुरेखाबाई म्हणाल्या. "बसंन ते बी. पण पुढं काय? मी आणि नात एकमेकींकडं बघत बसायचं काय, स्टँडवर गाडीची वाट बघितल्यागत?"

"तू शिकशील की आई."

"कशी? गोळी खाऊन?"

प्रथमेशनं रेवाला उचललं आणि बाहेर नेलं.

सानिकाला मनातून इंग्रजीच हवं होतं. तिनं ते स्वतःशी कबूल केलं. जगात चालण्याबिलण्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पोरीच्या कानात आपला आवाज राहावा, एवढाच तिचा स्वार्थ होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं रेवाला घेतलं, आतल्या खोलीचं दार लावलं आणि तासभर इंग्रजीत बोलून बघायचं ठरवलं. सुरुवात झकास झाली. हा चेंडू, हा लाल, हा पंखा. दहा मिनिटांत ते संपलं. मग तिच्या तोंडून जे येऊ लागलं ते कामावरचं होतं. तुम्ही सुरक्षित आहात का? कुठं दुखतंय? श्वास घेता येतोय का? घाबरू नका, मदत निघाली आहे, माझ्याशी बोलत राहा. प्रत्येक अक्षर जिथल्या तिथं होतं. पण रेवा हिरमुसली तेव्हा तिला लाडानं काय म्हणायचं ते सानिकाला त्या भाषेत येत नव्हतं. रागवायचं कसं, खोटंखोटं रुसायचं कसं, तेही येत नव्हतं. तिला इंग्रजीत फक्त पडलेल्या माणसाशी बोलता येत होतं.

सोमवारी डोरीन या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं बटण वाजलं. तिला काही झालेलं नसायचं. रात्री जाग आली की ती दाबायची.

"तू बोलतेस तेव्हा माझी धाकटी घरी आल्यासारखं वाटतं," डोरीन म्हणाली.

"तुमच्या धाकटीला तुम्ही काय म्हणून झोपवायचात?" सानिकानं विचारलं. हे नियमात नव्हतं.

पलीकडं म्हातारी घोगऱ्या आवाजात चार ओळींचं काहीतरी गुणगुणली. मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. सानिकानं ते तिच्यामागून म्हणून पाहिलं.

"अगदी बरोबर म्हटलंस," डोरीन म्हणाली. "अगदी बरोबर."

सानिकानं हेडफोन काढून ठेवले. ते बरोबरच आलं होतं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचावी तसं. ती उठून सोप्यात गेली. रेवा आजीच्या पायांवर आडवी होती आणि सुरेखाबाई तिला तेल चोळत, सगळ्या बसथांब्यांची नावं घेत, शिव्याही घालत, काहीबाही बोलत होत्या.

"आई," सानिका म्हणाली, "गुरुवारपासून तुम्ही बोला."

सुरेखाबाईंचे तेलकट हात थांबले. "आणि तू गं?"

सानिकानं नाही म्हणून मान हलवली.

*

पहिल्या दिवशी तिनं हॉस्पिटलातला जुना मास्क तोंडावर बांधला, सवयीनं शब्द निसटू नये म्हणून. आतल्या खोलीच्या दाराला दोन गोधड्या ठोकल्या. टीव्ही कपाटावर गेला आणि फुलवालीला दुसऱ्या गल्लीतून जायला सांगितलं. रेवाला रोज सकाळी आठ थेंब. ते सानिकाच द्यायची.

नवव्या दिवशी रेवानं मास्क ओढायला सुरुवात केली. ओठ दिसले की त्यावर बोट ठेवून वाट बघायची. सानिका त्या बोटाचा मुका घ्यायची आणि मास्क पुन्हा वर करायची.

एकोणिसाव्या दिवशी पोर धावताना चौकटीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. सानिकानं तिला उचललं, तोंड उघडलं आणि स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला. स्वयंपाकघरातून सुरेखाबाई पळत आल्या. "काय न्हाई झालं, काय न्हाई माझ्या वाघिणीला. चौकटीला हाणू आपण, थांब!" रेवा आईच्या खांद्यावर होती, रडं थांबवून ती आजीच्या तोंडाकडं बघत होती. सानिका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

एकतिसाव्या दिवशी सकाळी रेवा वेताच्या मोढ्याला ढकलत होती. मोढा हलेना. तिनं कमरेवर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, "सलक."

प्रथमेश आंघोळीतून तसाच बाहेर आला. सुरेखाबाईंनी "काय म्हणलीस? काय म्हणलीस गं बये?" म्हणत तिला उचलून गरागरा फिरवलं. रेवा पुन्हा म्हणाली, "सलक." तिसऱ्यांदा म्हणाली. तोच शब्द होता. सानिका भिंतीला टेकून मास्कच्या आत हसत होती आणि मास्क ओला होत होता.

त्यानंतर शब्द येतच गेले. पापा, मम, भू, बाबा, नको. आजीला आई. घरात सगळे त्यांना आईच म्हणत, आणि सानिकाला सानिका म्हणून हाक मारायची कुणाला एवढ्या दिवसांत गरजच पडली नव्हती.

त्रेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. काल केलेली चाचणी उत्तम आहे. रेवा आता फक्त मराठीला वळते. एकच शब्द तीनदा लावला तर एकदाच वळते. "बोला आता," डॉक्टर म्हणाल्या.

सानिकानं मास्क काढून खिडकीत ठेवला. दुपारचं ऊन सोप्यात आलं होतं. सुरेखाबाई शेंगा सोलत होत्या आणि रेवा टरफलं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होती. सानिका समोर गुडघ्यांवर बसली. घसा खाकरला. काय बोलायचं ते तिनं सहा आठवडे ठरवून ठेवलं होतं, पण आता त्यातलं काहीच आठवेना.

"रेवा," ती म्हणाली. "ये, माझ्याकडे ये."

रेवानं मान वर केली. आईच्या हलणाऱ्या ओठांकडं कुतूहलानं पाहिलं. मग वळून तिनं आजीकडं बघितलं, हे काय म्हणतंय असं विचारावं तसं.

सुरेखाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सानिकानं हळूच मान डोलावली.

"ये म्हणतीया," सुरेखाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना खाली आणता येत नव्हता, तरी त्यांनी तो आणला. "जा, तिच्याकडं जा."

रेवा लगेच उठली, टरफलं तुडवत आली आणि सानिकाच्या मांडीत बसली. तिचं डोकं हनुवटीखाली बरोबर बसत होतं. सानिकानं तिला घट्ट धरलं. थोड्या वेळानं पोर चुळबुळ करू लागली, डब्याकडं बघू लागली.

"आई," सानिका म्हणाली, "विचारा ना तिला, भूक लागलीय का."